डाव्या हातातले हलाहल

शकुनबाईचे लग्न झाले ते १९७९ सालच्या वैशाखात. त्या मांडवात सगळ्यात जास्त नाचला होता तिचा भाऊ टिकाराम. त्याच साली दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधी टिकाराम तापाने अंथरुणाला लागला. आणि कोजागिरी होऊन सोमवार उजाडला, त्या दिवशी टोल्याच्या महादेवाच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा उरली नाही.

टोला म्हणजे चिखल्याच्या मॅंगनीज खाणीपासून दोन कोसांवरचे, शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचे धान पिकवणाऱ्यांचे गाव. एरवी त्या देवळापुढे दोन म्हातारे आणि चार शेळ्या एवढीच मंडळी असायची. पण त्या सकाळच्या बसने नीळकंठ महाराज उतरले. बरोबर दोन चेले, एक लोखंडी पेटी आणि भगव्या फडक्यात गुंडाळलेली चिनी मातीची बरणी. दुपार होईतो आसपासच्या गावांत बातमी पोचली की टोल्यात दगड उकळून राहिला.

"सुनो भाईयों और माताओं!" महाराजांचा आवाज मोठा गोड होता. "देव आणि दैत्य समुद्र घुसळायला बसले. रवी कशाची? मंदराचल पर्वताची! दोर कशाचा? वासुकी नागाचा! आणि पहिलं काय निघालं? अमृत?"

"नाही!" लोक म्हणाले.

"लक्ष्मी?"

"नाही!"

"हलाहल! तिन्ही लोक जळायला लागले. विष्णू मागे सरला, इंद्र पळाला. पुढे कोण आलं?"

"महादेव!"

"हा पाहा त्याच मंदराचलाचा तुकडा. हिमालयात माझ्या गुरूंना बारा वर्षांच्या तपाने मिळाला. त्या दिवसाचं हलाहल अजून याच्यात मुरून आहे. तीर्थ पडलं की जागं होतं. बोलो बम भोले!"

समुद्रातला पर्वत हिमालयात कसा गेला, हे कोणी विचारले नाही. महाराजांनी पाटावरच्या पिंडीवरचे पांढरे फडके ओढले. काळीभोर पिंडी, तिला चंदनाचे पट्टे. बरणी तिरपी केली. पाण्यासारखे पाणी दगडावर पडले आणि दगड फसफसला. पांढरा फेस उठला, बुडबुडे आले, कढईत भजी टाकल्यासारखा आवाज झाला. खाली ना जाळ, ना निखारा. बाया किंचाळल्या, म्हाताऱ्यांनी जमिनीला डोके टेकले.

बायांच्या घोळक्यात टिकारामची बायको रुखमा उभी होती. महाराजांनी चंदन पुसायला पिंडी जरा उचलली, तेव्हा त्यांचा हात कसा खाली ओढला गेला ते तिने पाहिले, आणि बोटांना लागलेला काळा रंगही पाहिला. रुखमा सहा वर्षांपासून खाणीवर जात होती. बायांच्या रांगेत बसून दिवसभर दगड फोडायचे आणि चांगला माल एकीकडे, खडी एकीकडे करायची, हे तिचे काम. मॅंगनीजचा दगड तिला अंधारातही वजनावरून कळला असता.

ती जाऊबाईच्या कानाशी लागली. "बाई, हा तं आपल्या खाणीचा दगड हाय. एक नंबरचा माल."

"चूप वो!" जाऊ बेबीबाईने तिच्या हाताला चिमटा काढला. "देवाले दगड म्हणते!"

"पिंडी दगडाचीच रायते, बाई."

"मी सांगू काय तुह्या भासऱ्याले? पुढंच उभे हायत."

रुखमाने पदर पुढे ओढला. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. यादोराव सगळ्यांच्या पुढे हात जोडून उभे होते. त्या घरातली रीत अशी की धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यापुढे तोंड दाखवायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही. काही सांगायचे झाले तर सासूला सांगायचे, सासू मुलाला सांगणार. नऊ वर्षांच्या संसारात रुखमाने यादोरावांशी एक शब्द बोललेला नव्हता. त्यांनीही तिला कधी वाकडे म्हटले नव्हते. माणूस वाईट नव्हता. धाकट्या भावावर तर त्यांचा फार जीव.

तो जीवच पुढे गळ्याशी आला.

*

टिकारामचा ताप उतरत नव्हता. दोन आठवडे झाले, तो काही खात नव्हता, पोट धरून कण्हत होता. रुखमाने सासूला तीनदा सांगितले, "आत्याबाई, तुमसरच्या दवाखान्यात नेऊ. बंडी जुंपायले सांगा." सासू सत्यभामाबाई तीनदा यादोरावांकडे गेल्या आणि तीनदा परत आल्या.

"यादो म्हणते, महाराज आले हायत तं आधी त्यायले दाखवू."

मंगळवारी महाराज घरी आले. टिकारामच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, मान हलवली. मग एक लहानशी गडद तपकिरी बाटली काढली. तीर्थ सकाळ-संध्याकाळ तीन चमचे. बाटलीला ऊन लागू द्यायचे नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात काढायचे नाही. "धातूला हलाहल सोसत नाही," महाराज म्हणाले. ज्या मुलखात घरोघरी पितळेची भांडी घासली जातात आणि देवाचे पाणी तांब्याच्या गडव्याशिवाय कोणी घेत नाही, तिथे हे तीर्थ तेवढे बाटलीतले होते.

पहिले तीन चमचे पोटात गेले आणि घटकाभरात टिकाराम ओकला. ओकारीत पांढरा फेसच फेस. तसाच, जसा पिंडीवर उठत होता.

"पाहा!" महाराज गरजले. "विष निघून राहिलं! याला कोणीतरी विष घातलं आहे. घरातल्याच कोणीतरी!"

यादोरावांच्या तोंडचे पाणी पळाले.  रुखमा दाराआडून पाहत होती. नवऱ्याचे तोंड पुसायला ती पुढे झाली, तर बेबीबाईने तिच्या हातातले फडके काढून घेतले. मुद्दाम नाही. घाबरून घेतले. पण त्या घटकेपासून घरात एकाने दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे बंद झाले.

*

गुरुवारी देवळापुढे परीक्षा ठरली. ज्याच्या पोटात पाप, त्याच्या हातावर हलाहल उकळणार. घरातल्या सगळ्यांनी यायचे. रुखमा त्या दिवशी खाणीवर गेली होती. आठवडाभर घरी राहिली तर ठेकेदार नाव काढून टाकतो, आणि दवाखान्यात जायचे झाले तर गाठीला काही असावे म्हणून ती गेली होती. परतताना तिला वाटेतूनच देवळाकडे नेले. नाल्यावर तिने हात धुतले. पण सहा वर्षांचा काळा रंग हाताच्या भेगांतून एका धुण्याने थोडाच जातो?

आधी यादोरावांनी हात पुढे केले. महाराजांनी बरणीतले चार थेंब टाकले. काही नाही. सत्यभामाबाईंच्या हातावर काही नाही. बेबीबाईने डोळे घट्ट मिटून हात पुढे केले. काही नाही. "शुद्ध! शुद्ध!" चेले ओरडत होते.

रुखमाने हात पसरले. थेंब पडले. उजव्या हातावर दोन-चार बुडबुडे आले आणि विझले. डावा हात फसफसून उठला. प्रत्येक भेगेतून पांढरी रेघ वर आली, पूर्ण तळवा फेसाने भरला आणि बोटांना झोंबले.

 एकदम सगळे बोलायला लागले.

"पार्वतीने महादेवाचा गळा धरला," महाराज म्हणाले, "म्हणून विष पोटात उतरलं नाही. आणि या बाईने? नवऱ्याच्या पोटात विष घातलं! कलियुग आहे, भाई, कलियुग!"

रुखमाने तोंड उघडले. समोर यादोराव होते. पदर आपोआप खाली आला, आवाज आतच राहिला. लोकांना वाटले, पाप्याला बोलता येत नाही.

*

तिला धानाच्या खोलीत कोंडले. कापणी अजून व्हायची होती, म्हणून बांबूच्या ढोल्या रिकाम्या होत्या. खोलीला खिडकी नव्हती. वर छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची, सकाळी भिंतीवर, दुपारी जमिनीवर, मग नाहीशी. महाराजांचा हुकूम होता की सोमवारी शुद्धी होईल, तोवर बाईची सावली रोग्यावर पडू द्यायची नाही. भिंतीपलीकडेच टिकारामची खाट होती. तो कण्हला की रुखमाला ऐकू यायचे. सकाळी तीन चमचे, मग ओकारी. संध्याकाळी तीन चमचे, मग ओकारी. तिने भिंतीवर हात आपटले, हाका मारल्या. एकदा त्याने "रुखमे" म्हटलेले ऐकू आले. मग बेबीबाईचा आवाज, "झोपा भाऊजी, बोलू नका."

ती बाहेर होती तेव्हाही बोलता येत नव्हते आणि आत होती तेव्हाही. फरक एवढाच की आता दाराला कडी होती.

पहिले दोन दिवस ती रडली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, उन्हाची पट्टी तिच्या मांडीवर आली तेव्हा तिने आपले हात त्या उजेडात धरले. उजवा पाहिला. डावा पाहिला. पुन्हा उजवा पाहिला.

स्वयंपाक तर ती उजव्या हाताने करते. विष घातले असते तर ते उजव्या हाताने घातले असते. मग फेस डाव्या हाताला कसा? पाप असे एकाच हातात येऊन बसते काय?

डाव्या हाताने ती काय करते? खाणीवर उजव्या हातात हातोडीचा दांडा असतो. डाव्या हातात दगड.

ती उठली. तिची खाणीवरची टोपली त्याच खोलीत कोपऱ्यात फेकलेली होती. टोपलीच्या बुडाशी हातोडी, फाटके फडके आणि बोराएवढ्या दोन-तीन चिपा. काळ्या, जड.

दुपारी सत्यभामाबाई भाकर घेऊन आल्या. तिच्याकडे न पाहता ताटली ठेवून त्या वळल्या.

"आत्याबाई, थोडंसं तीर्थ मलेही द्या."

"तुले कायले?"

"पाप असन तं धुतल्या जाईन. नाही काय?"

म्हातारीला ते पटले. त्या तपकिरी बाटली घेऊन आल्या. रुखमाने बाटली घेतली, पण तोंडाला लावली नाही. हातोडीच्या दांड्यावर एक थेंब टाकला. काही नाही. ढोलीच्या बांबूवर टाकला. काही नाही. मग चिप उन्हाच्या पट्टीत ठेवली आणि तिच्यावर टाकला. चिप फसफसून उठली.

"आत्याबाई, इकडे या. पाहा. या दगडानं कोणाले विष देल्लं?"

सत्यभामाबाईंनी वाकून पाहिले. "मंदराचलाचा हाय काय?"

"माह्या टोपलीतला हाय. खाणीवर असे डोंगर पडले हायत. तुमचा हात द्या."

"माह्या हातावर नाही उकळत. परवा पाह्यलं ना सगळ्यायनं."

"द्या तं खरं."

रुखमाने चिप ओली करून सासूच्या तळव्यावर घासली. काळी रेघ उमटली. तिच्यावर दोन थेंब टाकले. म्हातारीचा तळवा फेसाळला.

सत्यभामाबाईंनी किंकाळी फोडली. "माय वो! मी नाही देल्लं! माह्या लेकाले मी कायले विष देऊ!"

"तुमी नाही देल्लं," रुखमा म्हणाली. "अन् मीही नाही देल्लं."

म्हातारी तिथेच, रिकाम्या ढोलीला टेकून बसल्या. फेसाळलेला हात पदराला पुसला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी चार दिवसांपासून त्याले हे पाजून राहिली, रुखमा."

"आता एक थेंब नका पाजू. त्याले दवाखान्यात न्या."

"यादो नाही ऐकणार. मघाशीच मी म्हटलं, तं म्हणते, माय, तू मधात नको पडू, सोमवारपर्यंत हात लावला तं टिकाराम जाईन असं महाराजानं सांगतलं. रडते वो तो. लेकरासारखा रडते. कडी उघडली तं गाव माह्या अंगावर येईन."

"मग खाणीच्या वस्तीत जा. माह्या रांगेतल्या बायजाबाईले सांगा. अन् खाणीवरचे कंपाउंडर परसरामभाऊ हायत, त्यायले ही बाटली दाखवा."

सत्यभामाबाई जन्मात खाणीच्या वस्तीत गेल्या नव्हत्या. धान पिकवणारे लोक खाणीवरच्या लोकांना जरा हलकेच समजत, आणि सून तिथे जाते याचा त्यांना राग होता. रविवारी सकाळी त्या काठी टेकत दोन कोस चालत गेल्या. बायजाबाईला सगळे सांगितले, पण परसराम सुटीचा म्हणून आपल्या गावी, शहापूरला गेलेला. सोमवारी सकाळीच येणार. रविवार असा गेला. भिंतीपलीकडे टिकारामचे ओकणे थांबले होते. रुखमाला वाटले, बरे वाटते आहे. ते बरे वाटणे नव्हते.

*

सोमवारी देवळापुढे पहिल्या दिवसाहून दुप्पट माणसे. शुद्धी पाहायला कोणाला आवडत नाही? महाराज पाटापुढे बसून गळ्याला निळे गंध लावत होते. तेवढ्यात चिखल्याच्या वाटेने बाया आल्या. अकरा जणी, काळ्या हाताच्या, काळ्या पायांच्या, कामावरूनच उठून आलेल्या. पुढे बायजाबाई. मागे पांढरा सदरा घातलेला परसराम कंपाउंडर.

"रामराम महाराज," बायजाबाई म्हणाली. "आमची बी परीक्षा घ्या जी."

"कोण तुम्ही?"

"पापीच असू आमी. तुमी सांगा ना, कोणी कोणी नवऱ्याले विष देल्लं ते. माहा तं सात वर्षांआधीच मेला, पण तरी पाहून घ्या. मनात संशय नको."

लोक हसले. महाराज हसले नाहीत.

"हलाहल तमाशा नाही, माई. एका दिवसात एकदाच जागतं."

"आता तं पिंडीवर ओतणार होते तुमी. आमच्या हातावर ओता. हात पिंडीहून मऊ हाय."

चेला उठून पुढे आला. "चलो हटो, हटो!"

"हात नको लावू बे पोट्ट्या," बायजाबाई म्हणाली. "दगड फोडते मी."

महाराजांनी पितळेचा गडवा उचलला. "ठीक. घ्या तीर्थ."

"त्या गडव्यातलं नाही, महाराज," परसराम मागून म्हणाला. "बरणीतलं."

कोणी काही बोलायच्या आत सत्यभामाबाई गर्दीतून पुढे झाल्या. पदराखालून तपकिरी बाटली काढली. "याच्यातलं ओतते. हे तं तुमीच माह्या लेकाले देल्लं होतं." आणि त्यांनीच ओतले. बायजाबाईच्या हातावर, मग दुसरीच्या, तिसरीच्या. एकेका हातावर पांढरा फेस उठत गेला. कोणी आत्याबाई म्हणत होती, कोणी माय वो म्हणत होती, आणि प्रत्येक बाई आधी डावा हात पुढे करत होती. अकराच्या अकरा.

"अकरा नवरे मेले म्हणायचे काय आज?" बायजाबाई ओरडली. "माहा नवरा तं दोनदा मेला!"

आता गर्दीत जे हसू फुटले ते थांबेना. महाराज उभे राहून नास्तिक, अधर्मी असे काहीबाही बोलत होते, पण हशापुढे त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता. परसरामने बाटली नाकाशी धरली, मग हात वर केला.

"ऐका. याला हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणतात. कान धुवायला, जखम धुवायला मी रोज वापरतो. तुमसरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. उन्हाने खराब होते, म्हणून गडद बाटलीत ठेवतात. पितळेत, तांब्यात ठेवले तर बिघडते, म्हणून ही चिनी मातीची बरणी. आणि मॅंगनीजला लागले की यातला वायू सुटून फेस होतो. हलाहल नाही, चमत्कार नाही. टोल्यात खाणीवर जाणारी बाई एकच, रुखमा. म्हणून एकीच्याच हातावर आले. माणसाला हे पाजले तर पोटात फेस होतो आणि तो ओकतो. कान धुवायचे औषध तुम्ही आजाऱ्याला आठवडाभर पाजले."

हसू थांबले.

यादोराव तिथेच खाली बसले. कोणाच्याही लक्षात आले नाही, पण बाया येण्याआधीच सत्यभामाबाई धानाच्या खोलीची कडी काढून आल्या होत्या. रुखमा गर्दीच्या कडेने पुढे आली. पदर डोक्यावर होता, तोंड उघडे होते. पाटापाशी जाऊन तिने पिंडी उचलली, हातात तोलली आणि महाराजांपुढे ठेवली.

"महाराज, माहा बाप खाणीवरच मजूर होता. शिवरात्रीले तो ही गोष्ट सांगे. तो म्हणे, सगळ्यायले अमृत पायजे होतं, विष एकानंच घेतलं. ना गिळलं, ना दुसऱ्यावर थुंकलं. म्हणून त्याले देव म्हणायचं. अन् गळा धरला तो बायकोच्या हातानं. त्या हाताची परीक्षा कोणी घेतली नव्हती." तिने डावा हात पुढे धरला. "महादेवानं विष सोता घेतलं. तुमी तं ते माह्या हातावर ओतलं."

मग ती वळली आणि यादोरावांकडे पाहून बोलली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊजी, पहिल्याच दिवशी मी हा दगड ओळखला होता. तुमच्यापुढं बोलायचं नाही म्हणून बोलली नाही. चुकलीच मी. आता बोलते. तुमचा भाऊ घरी मरून राहिला. उठा."

यादोराव उठले. तिच्याकडे न पाहता, पण पहिल्यांदाच तिला उत्तर देत म्हणाले, "बंडी पोचन काय वेळेवर?"

"बंडी नाही. खाणीचा ट्रक पाहू," परसराम म्हणाला आणि सायकलवर बसला.

त्या धावपळीत महाराज आणि चेले केव्हा सटकले, कोणाला कळले नाही. पेटी गेली, बरणी गेली. पिंडी तेवढी राहिली. ती जड होती.

*

दुपारी तीनला माल घेऊन जाणाऱ्या ट्रकवर टिकारामची खाट चढवली. रुखमा एका बाजूला, यादोराव दुसऱ्या बाजूला. मधे आता कोणी सासू नव्हती, निरोप नव्हता. "पाय धरा," ती म्हणायची, ते धरायचे. "सावली करा," म्हणायची, ते आपला फेटा धरायचे. टिकारामचे पोट पाटासारखे टणक झाले होते. तुमसरहून त्याला लगेच भंडाऱ्याला पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की टायफॉइड आहे, ताप जुना आहे, आतड्याला छिद्र पडले आहे, आणि पोटात विष वगैरे काही नाही.

"गुरुवारी आणलं असतं तं?" यादोरावांनी विचारले.

 डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी आणायला पाहिजे होतं."

टोल्यातली माणसे मूर्ख नव्हती. पाऊस कधी लागेल, धान कधी कापावे, बैल कोणता लंगडणार, हे त्यांना न पाहता कळायचे. यादोराव दुष्ट नव्हते. त्यांना भाऊ वाचवायचा होता आणि जो मोठ्या आवाजात वाचवतो म्हणाला त्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला. चूक एवढीच झाली की दगड उकळला तेव्हा कोणी पुढे होऊन तो हातात घेतला नाही. दुसऱ्या दगडावर ओतून पाहा, असे कोणी म्हटले नाही. जिला माहीत होते तिला बोलायची मुभा नव्हती. शाळेत न गेलेल्या बाईला अंधाऱ्या खोलीत, उन्हाच्या एका पट्टीत जे कळले, ते दोनशे माणसांना भर दुपारी कळू शकले असते. त्याला विज्ञानाची मोठी पुस्तके लागत नाहीत. एकदा करून पाहावे, दुसऱ्यांदा करून पाहावे, आणि घरातल्या सुनेला बोलू द्यावे. देव असेल तर तो याने रागावणार नाही. आणि आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्यावे. बाकी सगळे नंतर.

टिकारामचे ऑपरेशन त्याच रात्री झाले. सकाळी शुद्धीवर येऊन त्याने रुखमाकडे पाणी मागितले. डॉक्टरांनी पाणी द्यायला मना केले होते, म्हणून तिने ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसले. मंगळवारी, १६ ऑक्टोबर १९७९ रोजी, दुपारी दीड वाजता टिकाराम वारला. तो चौतीस वर्षांचा होता.